पाण्याचा पीळ

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की पाइपातलं पाणी नाकासमोर चालत नाही, वळणावरून आलं की बरंच अंतर ते सुतासारखं पिळत पुढं जातं. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढे प्रश्न मला एकतीस वर्षांच्या मास्तरकीत वर्गात कुणी विचारले नाहीत. पुस्तकांत या प्रवाहाला जड शब्द आहेत. माझे वडील जेकार्ड मागावर चादरी विणायचे, म्हणून मी पीळच म्हणणार. सोलापुरात पीळ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

*

बाई, आमच्या प्रोसेस हाऊसला तीन इंची लाइनवर पंख्याचा पाणीमीटर आहे. दिवाळीत जुनी गंजलेली जीआय लाइन काढून प्लास्टिकची टाकली. मीटर तोच, जागा तीच, एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे, तेवढेच. तेव्हापासून दहा हजार लिटरची टाकी भरली की मीटर दहा हजार चारशे दाखवतोय. फिटर म्हणतो मीटर गेला. मीटरवाला म्हणतो, आधी दहा व्यास, म्हणजे पाइपाच्या रुंदीच्या दहापट, सरळ पाइप लागतो, तुमच्याकडं पस्तीस आहे, म्हणजे लाइन बरोबर, नवा मीटर घ्या. घेऊ का ओ?
— टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

तुमचं पत्र वाचून मला राहवलं नाही, म्हणून मी येऊन गेले हे तुम्हाला माहीतच आहे. इतर वाचकांसाठी सांगते. पंपातून पाइप वर जातो, एका एल्बोनं उजवीकडं वळतो आणि वीतभर जात नाही तोच दुसऱ्या एल्बोनं भिंतीकडं वळतो. म्हणजे दोन वळणं पाठोपाठ, आणि तीही एका पातळीत नाहीत, एकमेकांशी काटकोनात. मला दोषी तिथंच सापडला होता, पण पुरावा हवा होता. मीटरच्या अलीकडं पाणी रंगीत येतंय का ते बघायला तुम्ही काचेचा तुकडा बसवलाय. त्याच्या आत, काचेजवळ, साडीच्या पदराचा एक रेशमी धागा अडकवला. पंप चालू केल्यावर धागा पाइपाच्या रेषेत सरळ राहायला हवा होता. तो तिरका झाला. तुमच्या पुतण्याच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून बघितलं, तर सहा अंशांच्या आसपास.

एका वळणावर काय होतं ते आधी बघू. पाइपाच्या मध्यातलं पाणी वेगात असतं, कडेचं भिंतीला घासून मंदावलेलं. वळण आलं की वेगवान पाणी बाहेरच्या अंगाला फेकलं जातं आणि मंद पाणी भिंतीच्या कडेकडेनं आतल्या अंगाला परततं. अशा दोन फिरक्या तयार होतात, एक डावी, एक उजवी. ब्रिटनमधल्या यूस्टिस यांनी १९१० च्या सुमाराला वाकड्या नळ्यांत रंगीत पाणी सोडून हे बघितलं, आणि १९२७ मध्ये डीन यांनी त्याचं गणित मांडलं. एकाच एल्बोनंतर या दोन फिरक्या एकमेकींना तोलून धरतात, त्यामुळं एकूण पीळ जवळजवळ शून्य. पण लगेच दुसरा एल्बो काटकोनात आला की दोघींपैकी एकीला बळ मिळतं, दुसरी दबते, आणि पाइपभर एकच मोठा पीळ उरतो. तो तुमच्या मीटरच्या पंख्यावर वाऱ्यासारखा येऊन आदळतो. पीळ पंख्याच्या फिरण्याच्या दिशेनं असेल तर मीटर पळतो, उलटा असेल तर रेंगाळतो. तुमचे एल्बो उलट्या हाताचे असते, तर मीटरनं नऊ हजार सहाशे दाखवले असते आणि तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

आता खरा प्रश्न. हे एल्बो आधीपासून होते, मग दिवाळीपर्यंत मीटर बरोबर कसा?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पाण्याचा पीळ मात्र जातो, आणि ठरलेल्या दरानं जातो. पाइपाची भिंत फिरत्या पाण्याला घासून त्याची फिरत काढून घेते. जेवढा पीळ शिल्लक, त्या प्रमाणात भिंत काढून घेणार. तुम्ही मशिनवर घसारा धरता तसंच. दरवर्षी मूळ किमतीवर नाही, उरलेल्या किमतीवर. फक्त इथं वर्षांच्या जागी पाइपाचे व्यास मोजायचे. नेदरलँड्सच्या स्टीनबर्गन आणि फोस्कॅम्प यांनी १९९८ मध्ये हा दर मोजून मांडला. पीळ फार जोराचा नसेल, तर दर व्यासाला होणारा घसारा हा पाइपाच्या घर्षणांकाच्या, म्हणजे भिंत पाण्याला किती घासते त्या आकड्याच्या, सुमारे दीडपट असतो.

घर्षणांक! म्हणजे पाइप जितका गुळगुळीत, तितका पीळ जास्त लांब टिकणार. तुमच्या नव्या प्लास्टिकच्या पाइपाचा घर्षणांक साधारण ०.०१८ धरा, जुन्या गंजक्या लोखंडाचा ०.०३५. तुमचा पाइप ८० मिलिमीटरचा. गणित केलं तर नव्या पाइपात पीळ निम्मा व्हायला दोन मीटर लागतात, जुन्यात एक मीटर. एल्बोच्या तोंडाशी पंधरा अंशांचा पीळ धरला आणि पस्तीस व्यासांवर, म्हणजे पावणेतीन मीटरवर मीटर धरला, तर जुन्या पाइपात तिथं पोचेपर्यंत अडीच अंशांच्या आत उतरायचा. नव्यात जवळजवळ सहा अंश उरतो. धाग्यानं तेच सांगितलं. प्रवाहमापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन अंशांखालचा पीळ नसल्यात जमा धरतात. तिथवर उतरायला तुम्हाला एल्बोपासून मीटरपर्यंत सहा मीटर सरळ पाइप लागेल. जुन्याला तीन मीटर पुरायचा, तुमच्याकडं पावणेतीन होता. गंजानं तुमचा मीटर सांभाळला होता म्हणायचं.

मीटरवाल्याचे दहा व्यास खोटे नाहीत, पण ते साध्या एका एल्बोसाठी चालतात.

सहा मीटर जागा तुमच्याकडं नाही, मध्ये बॉयलरची भिंत येते. म्हणून मोळी सुचवली. बारीक पितळी नळ्यांची मोळी बांधून ती एल्बोच्या पुढं पाइपात बसवायची. प्रत्येक नळीत शिरलेलं पाणी पिळत जायला मोकळंच नसतं, कारण नळी अरुंद आणि तिचे स्वतःचे व्यास भराभर संपतात. थोडा दाब खाते, पण तुमच्या पंपाला तो जाणवणार नाही. मोळी आणि मीटर यांच्यात मोकळा सरळ पाइप राहू द्या, चिकटवू नका. (छापायला देण्याआधी कारखानदारांचा फोन आला. टाकी दहा हजार, मीटर दहा हजार पन्नास. फिटर अजून म्हणतोय की मीटर आपोआप सुटला.)

*

आमच्या सरांनी सांगितलं की उत्तर गोलार्धात मोरीतलं पाणी नेहमी घड्याळाच्या उलट फिरतं. आमच्या मोरीत ते सुलट फिरतं. आमची मोरी चुकीची आहे का?
— इयत्ता सातवी, जुळे सोलापूर

मोरी बरोबर आहे. पृथ्वीचा हिशेब करून बघ. सोलापूर विषुववृत्तापासून साधारण पावणेअठरा अंश उत्तरेला. इथल्या जमिनीवर उभं राहून पृथ्वीच्या फिरण्याचा जो हिस्सा पाण्याला मिळतो, त्या हिशेबानं एक फेरी पुरी व्हायला सव्वातीन दिवस लागतात. तुझ्या मोरीतला भोवरा एका सेकंदात फेरी मारतो. तू बादली कोणत्या बाजूनं ओतलीस, जाळी कशी बसलीय, यानंच दिशा ठरते. खरंच बघायचं असेल तर १९६२ मध्ये अमेरिकेत शापिरो यांनी केलं तसं कर. सहा फूट व्यासाची गोल टाकी, पाणी भरून चोवीस तास अजिबात हलवायचं नाही, मग तळाचं बारीक भोक हळूच उघडायचं. त्यांचं पाणी घड्याळाच्या उलट फिरलं. १९६५ मध्ये सिडनीत हाच प्रयोग केला तेव्हा सुलट फिरलं. आपल्याकडं नळाला पाणी आलेल्या दिवशी सहा फुटी टाकी चोवीस तास नुसती बघत ठेवायला आई देईल का, ते मात्र विचारून घे.

*

मॅडम, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये पाइपातल्या पिळदार प्रवाहाचं कॉम्प्युटर मॉडेल करतोय. के-एप्सिलॉन वापरलं. आलेख छान गुळगुळीत आलेत पण प्रयोगाच्या ठिपक्यांशी जुळत नाहीत. सर म्हणतात जाळी (हिशेबासाठी पाइपाचे पाडलेले तुकडे) बारीक कर. तीनदा केली. लॅपटॉप रात्रभर चालतोय, ठिपके तिथंच आहेत.
— मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सोलापूर

तुझं पत्र वाचून मला माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. १९८८ मध्ये एम.टेक.ला मी हेच केलं होतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी, तोंडाशी वाकड्या पात्या, आणि वेग मोजायची पाच भोकांची एक सुई, जी पाण्यात कचरा आला की दर तासाला तुंबायची. तिकडं फोरट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्राम, ज्याला संगणकावर वेळ मिळायचा रात्री एकनंतर. माझेही आलेख छान गुळगुळीत होते. गाइडनी आलेखावर ठिपके ठेवून बघितले, आणि म्हणाले, "रेष सुंदर आहे. कुठल्या पाण्याची आहे?"

तर ऐक. दोष जाळीत नाही. जाळी बारीक केलीस तर तेच चुकीचं उत्तर आणखी दोन दशांश स्थळांपर्यंत मिळेल, बस.

खळबळत्या प्रवाहाच्या समीकरणांची सरासरी घेण्याची रीत रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये दिली. सरासरी घेतली की खळबळीमुळं येणारे जास्तीचे ताण, म्हणजे रेनॉल्ड्स ताण, उरतात, आणि ते कुठून आणायचे हा पेच उरतो. बूसिनेस्क यांनी १८७७ मध्येच एक जुगाड सुचवून ठेवला होता. खळबळीला एक जाड काल्पनिक चिकटपणा समजायचं. के-एप्सिलॉन, म्हणजे १९७४ मध्ये लाँडर आणि स्पॉल्डिंग यांनी रूढ केलेलं मॉडेल, या काल्पनिक चिकटपणाची किंमत काढून देतं. पण किंमत एकच. पुढं, आडवं, गोल, सगळ्या दिशांना तोच चिकटपणा. सरळ पाइपात हे खपून जातं. पिळात नाही.

का नाही, ते एका छोट्या हिशेबानं बघ. कॉम्प्युटर नको, पाठकोरा कागद पुरेल. पाइपच स्वतःभोवती फिरतोय असं समज, खूप लांब पाइप, प्रवाह स्थिरावलेला. आता आतल्या पाण्याच्या एका दंडगोलावर बाहेरून पीळ घालणारं बल किती? काही बदलत नाहीये, म्हणून शून्य. काल्पनिक चिकटपणा धरला तर हे बल शून्य व्हायला एकच वाट आहे, दर त्रिज्येवर फिरण्याचा कोनीय वेग सारखा असणं. म्हणजे पाणी गोठलेल्या कांडीसारखं फिरेल. के-एप्सिलॉन तुला कांडीच देणार. मध्य आणि भिंत यांच्या निम्म्यावर फिरण्याचा वेग भिंतीच्या निम्मा. प्रयोगात मात्र तिथं वेग भिंतीच्या जेमतेम पाव भरतो, कारण खरी रेषा सरळ नसते, पॅराबोलासारखी असते. निम्मा आणि पाव. ही तफावत जाळीनं कशी भरून निघेल?

तुझ्या पाइपात पीळ विरत जातोय, पण दुखणं तेच. जपानच्या किटोह यांनी १९९१ मध्ये अशा विरत्या पिळाची नीट मोजमापं छापली. गाभ्यात पाणी कांडीसारखं फिरतं. त्याच्याबाहेरच्या कड्यात उलटं, मध्याकडं जावं तसा वेग वाढतो. आणि भिंतीलगत पातळ पट्टा, जिथं सगळी घासाघीस चालते. तुझं मॉडेल या तिन्हींची भेळ करून सगळ्या पाइपाची कांडी करायला धावतं, आणि मधला कडा पहिल्या काही व्यासांतच पुसून टाकतं. तुझे ठिपके नेमके तिथंच रेषेपासून सुटतायत ना? सुटत असणार.

आणखी एक गोष्ट मॉडेलला कळत नाही, ती रॅली यांनी १९१६ मध्ये मांडली. बाहेर जावं तसा फिरण्याचा साठा वाढत असेल तर प्रवाह आतून-बाहेरून मिसळायला नाखूश असतो. आतलं पाणी बाहेर ढकललं तर तिथं टिकायला त्याच्याकडं पुरेशी फिरत नसते, ते परत आत येतं. म्हणून गाभ्यात खळबळ मेल्यासारखी होते. उलट साठा बाहेर कमी होत गेला तर खळबळ उसळते. एका चिकटपणाच्या मॉडेलला यातलं काही दिसत नाही.

तू काय करावंस. रेनॉल्ड्स ताणांची समीकरणं वेगवेगळी सोडवणारं मॉडेल घे. १९७५ मध्ये लाँडर, रीस आणि रोडी यांनी दिलेल्या मांडणीचं रूप तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये असेलच. सहा ताणांची सहा समीकरणं. ते लाडात येऊन मध्येच उत्तर देईनासं होतं, म्हणून आधी के-एप्सिलॉनचं उत्तर काढून तिथून सुरुवात कर. दुसरं, तोंडाशी तू काय दिलंयस? सरासरी वेग आणि सरासरी फिरत असं दिलं असशील तर काही फायदा नाही. मोजलेली आकृती दे, त्रिज्येगणिक. सगळ्यात जास्त चुका तिथं होतात आणि लोक मॉडेलला शिव्या देतात.

आणि के-एप्सिलॉनचे आलेख फाडू नकोस. अहवालात दोन्ही रेषा शेजारी छाप. एकूण पीळ किती उरला एवढंच विचारलंस तर भिंतीच्या घर्षणावर बेतलेलं वर कारखानदारांना सांगितलेलं घसाऱ्याचं साधं सूत्र तुझ्या लॅपटॉपच्या तोडीस तोड उत्तर देईल. पीळ किती उरला हे सांगणं सोपं, तो कुठल्या आकारात उरला हे अवघड. परीक्षकांनी विचारलं तर हे बोल. सरांना मात्र जाळीचं माझ्याकडून कळलं म्हणून सांगू नकोस.

*

आमची सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे. बोअरला वाळू येते म्हणून ठिबकच्या आधी हायड्रोसायक्लोन बसवलाय. सगळे व्हॉल्व्ह उघडे असले की वाळू छान खाली बसते. अर्धी बाग बंद केली की वाळू पुढं जाते आणि ड्रिपर तुंबतात. पाणी कमी झाल्यावर तर वाळू जास्त सहज बसायला पाहिजे ना? दुसरं, एक विक्रेता येऊन गेला. आतून स्क्रूसारख्या कडा असलेला पाइप दाखवला, म्हणाला यातून पाणी भोवऱ्यासारखं स्वतःहून वर चढतं, वीस टक्के वीज वाचते.
— बागायतदार, सांगोला तालुका

पाणी कमी झाल्यावर वाळू सहज बसते हा हिशेब टाकीचा. सायक्लोनचा उलटा आहे. त्यात वाळूला बाजूला काढतो तो वेग. पाणी कडेनं तिरकं आत शिरतं, गोल फिरतं, आणि जड कण भिंतीकडं फेकले जाऊन सुळक्यातून खाली डब्यात घसरतात. पाणी मधून वर जातं. तुमच्या सायक्लोनची त्रिज्या दहा सेंटिमीटर आणि आत शिरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटर धरू. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे वाळूच्या कणाला बाहेर ओढणारा जोर त्याच्या वजनाच्या नऊपट. अर्धी बाग बंद केलीत, पाणी निम्मं, वेग निम्मा, आणि जोर पाव. नऊपटीचा सव्वादोनपट. बारीक वाळू मग कशाला थांबेल? म्हणून सायक्लोन बागेच्या पूर्ण पाण्यावर नाही, तुम्ही एका वेळी खरोखर जेवढं चालवता तेवढ्यावर निवडायचा असतो. नाहीतर एका मोठ्याऐवजी दोन लहान लावा आणि अर्धी बाग चालवताना एक बंद ठेवा. आधी आणि नंतरच्या गेजमध्ये फरक दिसत नसेल तर सायक्लोन नुसता शोभेला आहे असं समजा. शेवाळ, काडीकचरा मात्र तो धरणार नाही, तो पाण्याइतकाच हलका. त्याला पुढं जाळी किंवा चकत्यांचा फिल्टर हवाच.

ही कल्पना जुनी आहे. धुळीसाठीचं सायक्लोनचं पेटंट १८८५ चं, पाण्यासाठीचं १८९१ चं. साखर कारखान्यांच्या बॉयलरमागं राख धरायला असे सुळके ओळीनं लावलेले असतात, ते याचेच भाऊबंद.

आता विक्रेता. पाणी स्वतःहून वर चढत नाही. पीळ घालायला लागते ती ताकद तुमच्याच पंपातून येते, आणि वर कारखानदारांना सांगितलं तशी ती भिंतीला घासून वाया जाते. त्या कडांनी साध्या पाण्याला अडथळा वाढतो, कमी होत नाही. तुमचं बिल वीस टक्क्यांनी वाढलं नाही तरी नशीब.

तरी त्यानं ही कल्पना हवेतून काढलेली नाही. १९०४ मध्ये अमेरिकेत आयझॅक्स आणि स्पीड यांनी पाइपातून दाट खनिज तेल थोड्या पाण्याबरोबर वाहून नेण्याचं पेटंट घेतलं होतं. पाइपाला आतून बंदुकीच्या नळीसारख्या पिळदार खाचा. पिळामुळं जड पाणी भिंतीला लागायचं, काकवीसारखं तेल मधून जायचं, आणि तेलाला भिंत घासायची नाही. तिथं पिळाचा फायदा खरा. मोठ्या औष्णिक केंद्रांच्या बॉयलरांतही काही नळ्यांना आतून अशा कडा असतात, म्हणजे पाणी तापलेल्या भिंतीला धरून राहतं आणि नळी जळत नाही. तुमच्या बोअरमध्ये ना तेल आहे ना आग. विक्रेत्याला चहा द्या, चेक देऊ नका.

*

थर्मिक फ्लुइड हीटरवर ऑपरेटर आहे. बर्नरच्या तोंडाशी वाकड्या पात्यांची चकती असते. एकदा साफसफाईनंतर ती बसवायची राहिली, तर ज्योत पुढं पळाली आणि विझली. पात्या हवा अडवतात, मग त्यांनी ज्योत धरून कशी ठेवली?
— होटगी रोड

हे पत्र मला सगळ्यात आवडलं. तुमच्या चकतीनं जे केलं, त्यावरून मोठमोठे गणिती भांडले आहेत.

हवेला पीळ घातला की बाहेरच्या अंगाला दाब वाढतो, मध्याला कमी. बर्नरच्या तोंडातून बाहेर पडून प्रवाह पसरला, की पीळ झपाट्यानं सैल होतो आणि मध्याचा दाब पुन्हा वर येतो. म्हणजे मधल्या हवेला पुढं दाब जास्त, मागं कमी. पीळ पुरेसा असेल तर मधली हवा थांबते आणि उलटी, बर्नरकडं वाहू लागते. हीच तुमची ज्योत धरून ठेवणारी जागा. जळलेला तापलेला वायू मागं येऊन ताज्या मिश्रणाला सतत पेटवत राहतो, जशी आई एका पणतीनं दुसरी लावते. चकती काढली, परतीचा प्रवाह गेला, ज्योत वाऱ्यावर गेली.

पुरेसा म्हणजे किती, याला एक आकडा आहे. प्रवाह फिरण्याचा जेवढा ऐवज वाहून नेतो त्याला पुढं जाण्याच्या ऐवजानं आणि त्रिज्येनं भागायचं. बर्नरवाल्यांच्या अनुभवात हा आकडा साधारण ०.६ च्या वर गेला की परतीचा प्रवाह पक्का होतो. पात्या किती अंशांत वाकवायच्या ते यावरूनच ठरतं, म्हणून साफ करताना त्या ठोकून सरळ करू नका.

भोवरा असा अचानक फुगून फुटतो हे १९५७ मध्ये पेकम आणि ॲटकिन्सन यांनी विमानाच्या टोकदार पंखावर पाहिलं. सार्पकाया यांनी १९७१ मध्ये किंचित रुंदावणाऱ्या नळीत रंग सोडून त्याचे प्रकार दाखवले. कधी फुग्यासारखा, कधी मळसूत्रासारखा, कधी दुहेरी वेणी. का फुटतो, यावर ब्रुक बेंजामिन यांनी १९६२ मध्ये दिलेला खुलासा मला अजून सगळ्यात देखणा वाटतो, दुसऱ्या मतांचे लोक आहेत तरीही. आज घरी कडप्प्याच्या मोरीवर नळाची धार सोडून बघा. धार पडते तिथं पाणी पातळ आणि वेगवान पसरतं, मग एका गोल कड्यावर अचानक जाड आणि संथ होतं. आतल्या पातळ पाण्यात लाट उलटी येऊ शकत नाही, वेग तिला पुढं ढकलून देतो. बाहेरच्या संथ पाण्यात येऊ शकते. दोघांची गाठ पडते तिथं ती पायरी. बेंजामिन म्हणाले, पिळदार प्रवाहातही दोन तऱ्हा असतात, एकीत लाटा मागं येऊ शकत नाहीत, दुसरीत येतात, आणि भोवरा फुटतो तो या दोहोंमधली उडी आहे. धरणाच्या सांडव्याखाली पाणी उसळून उभं राहतं ती उडीही त्याच जातीची.

म्हणजे तुमच्या बर्नरमध्ये रोज एक सांडवा आडवा झोपलेला असतो.

*

बाई, मी गिरणीत डबलिंग खात्यात होतो. तुम्ही पाण्याला पीळ म्हणता ते आवडलं. पण आमच्याकडं एका सुताला उजवा पीळ दिला की दोन सुतं एकत्र करताना डावा द्यायचा, नाहीतर धागा गुरगुटतो. पाण्यात असं करता येतं का? एका एल्बोचा पीळ दुसऱ्या उलट्या एल्बोनं काढता येईल?
— निवृत्त गिरणी कामगार

काढता येतो, पण हाताच्या अंदाजानं नाही. दुसरी उलट्या हाताची जोडी पहिल्या जोडीपासून किती अंतरावर, मध्ये किती पीळ आधीच विरला, यावर सगळं अवलंबून. थोडं चुकलं तर उलटा पीळ उरतो. म्हणून मी कारखानदारांना मोळी सांगितली, तिला डावं-उजवं कळत नाही. पाण्याची एक गोष्ट मात्र तुमच्या सुतासारखीच आहे. एकट्या एल्बोनंतरच्या त्या दोन उलट्या फिरक्या म्हणजे शेजारी ठेवलेली एक डावी आणि एक उजवी सुतंच, एकूण पीळ शून्य, तरी दोन्हींत जीव असतो.

खात्यातला सुताचा पीळ मोजायचा जुना ट्विस्ट टेस्टर तुम्ही जपून ठेवलाय असं पत्राच्या कडेला लिहिलंय. रविवारी सकाळी घेऊन या. धागा अडकवायचा चिमटा कसा आहे ते मला बघायचंय, माझ्या रेशमी धाग्याचं टोक काचेत सारखं सुटत होतं.